हेडफोन घुमतो तेव्हा



रत्नागिरी तालुक्यात सड्यावरच्या एका शाळेत जाण्याचा मला मध्यंतरी योग आला. शाळेने गावाच्या वर्गणीतून दहा हेडफोन घेतले होते. संगणकावर कविता किंवा गोष्ट लावायची, ती अॅम्प्लिफायरमधून पुढे न्यायची आणि दहा तारांनी दहा मुलांच्या कानांपर्यंत पोहोचवायची, अशी मांडणी. योजना चांगलीच. पण तास सुरू झाला न झाला तोच एका मुलीने कानावरचा हेडफोन काढला आणि म्हणाली, "गुरुजी, आत कुंभारीण घुमतेय."

कुंभारीण माशी तुम्ही पाहिली असेलच. वळचणीला ओल्या मातीचे घर बांधताना ती जो बारीक, न थांबणारा आवाज करते, तो ऐकला असेल तर हेडफोनमध्ये काय ऐकू येत होते ते निराळे सांगायला नको. मी कानाला लावून पाहिले. कविता मागे आणि कुंभारीण पुढे!

"याला इलाज सापडलाय," असे म्हणून गुरुजींनी खणातून एक प्लग काढला. तीन पिनांचाच, पण त्यातली वरची जाड पिन करवतीने कापलेली. तो प्लग अॅम्प्लिफायरला जोडला आणि खरोखरच आवाज थांबला. मुले खूश झाली, गुरुजीही खूश झाले. मी मात्र तो प्लग काढायला लावला आणि पुन्हा कोणी लावू नये म्हणून पिशवीत घालून घरी आणला. तो आता माझ्या टेबलावर आहे. आवाज थांबवण्याचा तो इलाज किती महाग पडू शकतो, हे सांगण्यासाठीच आजचे हे बोलणे. पण तिथे पोहोचण्याआधी हा आवाज येतो कोठून, ते पाहायला हवे.

पहिली परीक्षा कानाची. तुम्ही म्हणाल, बिघाड यंत्रात आणि परीक्षा कानाची कशाला? पण हेडफोन काढून शांत खोलीत मिनिटभर बसा. आवाज तरीही चालू राहिला तर दोष तारेत नाही. त्याला कर्णनाद म्हणतात. मोठ्या आवाजाच्या सवयीने, कानात मळ साठल्याने, वयामुळे किंवा काही औषधांनीही तो होतो. एकाच कानात असा नाद असेल, किंवा ऐकू येणे एकाएकी कमी झाले असेल, तर वाट न पाहता कानाच्या डॉक्टरांकडे जावे. अशा वेळी दिवस वाया गेले तर ते भरून निघत नाहीत.

दुसरी परीक्षा विजेची, आणि हीच सर्वांत उपयोगाची. लॅपटॉप किंवा मोबाईल चार्जरवर असेल तर चार्जर काढा व बॅटरीवर चालवा. घुमणे तत्काळ थांबले तर दोष भिंतीतल्या विजेकडून आत येतो आहे. थांबले नाही तर दोष बहुधा तारेत, खाचेत किंवा हेडफोनमध्येच आहे. मग तोच हेडफोन दुसऱ्या यंत्राला लावून पाहा आणि दुसरा हेडफोन या यंत्राला. पाच मिनिटांचे काम. एवढ्याने निम्मी खटपट वाचते. दुकानात नेऊन नवा हेडफोन घेणारे पुष्कळजण ही पाच मिनिटे काही काढत नाहीत!

आता विजेचेच पाहू. आपल्या घरातली वीज एका दिशेने वाहत नाही; ती सेकंदाला ५० वेळा पुढे-मागे अशी पूर्ण फेरी करते. चिपळूण तालुक्यात पोफळीला कोयनेचे वीजगृह आहे. तेथे १९६२ पासून वीज तयार होऊ लागली. तेथील यंत्रांचा ठेका हाच, आणि कोराडीच्या किंवा आणखी दूरच्या यंत्रांचाही हाच. २०१३च्या अखेरीस दक्षिणेकडील जाळेही बाकीच्या जाळ्याला जोडले गेले, तेव्हापासून देशभरची मोठी वीजगृहे एकाच ठेक्यात पावले टाकतात. हा ठेका चोरवाटेने अॅम्प्लिफायरमध्ये शिरला की कानात 'हूंऽऽ' असा सूर ऐकू येतो. पुष्कळदा तो दुप्पट, म्हणजे १०० कंपनांचा असतो, कारण यंत्रातला वीज सरळ करणारा भाग प्रत्येक फेरीचे दोन धक्के करतो. तुमच्या शाळेत खर्जाची पेटी असेल तर खर्जातली पांढरी पाच दाबून पाहा. तिची कंपने ९८च्या आसपास. हेडफोनमधला सूर तिच्याशी जुळला तर चोर कोण ते समजले म्हणायचे. गाण्याच्या मास्तरांना हा प्रयोग फार आवडतो.

सूर असा गोल व खर्जातला नसून 'झर्रर्र' असा करकरीत असेल तर पंख्याच्या रेग्युलेटरकडे किंवा स्वस्त एलईडी दिव्याकडे पाहा. आजचे काही रेग्युलेटर विजेच्या प्रत्येक लाटेचा एक तुकडा कापून पंख्याची गती कमी करतात, आणि त्या कापण्याचा ओरखडा आसपासच्या तारांत उमटतो. पंखा पूर्ण वेगाने सोडला आणि आवाज बदलला की खूण पटली. 'टिक्-टिक्-टिर्रर्र' असा आवाज येऊन लगेच फोन वाजला, तर दोषी तो मोबाईलच. जुन्या पद्धतीच्या टू-जी जाळ्यावर फोन सेकंदाला सुमारे २१७ वेळा थोडे थोडे बोलतो. फोन उचलून हातभर लांब ठेवा, झाले.

हे किरकोळ झाले. आता त्या कापलेल्या पिनेकडे वळू.

तीन पिनांच्या प्लगमध्ये वरची पिन इतर दोघींपेक्षा जाड आणि लांब असते. लांब अशासाठी की, प्लग घालताना ती सर्वांआधी टेकावी आणि काढताना सर्वांत शेवटी सुटावी. ही अर्थिंगची पिन. यंत्राच्या लोखंडी पेटीपासून निघालेली तार हिच्यातून भिंतीत आणि तेथून अंगणातल्या खड्ड्यात, म्हणजे जमिनीत जाते. यंत्राच्या आत एखादी तार सुटून पेटीला चिकटली तर वीज या वाटेने जमिनीत उतरावी, मोठा प्रवाह वाहावा, फ्यूज उडावा आणि माणूस वाचावा, एवढ्यासाठी तिचा जन्म.

मग हीच पिन गुणगुण का आणते? त्या शाळेत संगणक जुन्या इमारतीतल्या बोर्डावर होता आणि अॅम्प्लिफायर नव्या खोलीतल्या बोर्डावर. दोन्ही इमारतींना अर्थिंगचे खड्डे वेगवेगळे. आपल्याकडे शेजारी शेजारी दोन विहिरी असतात, पण पाण्याची पातळी सारखी नसते. दोहोंमध्ये नळी टाकली तर पाणी एकीतून दुसरीत वाहू लागेल. तसेच दोन खड्ड्यांचे 'विजेचे पाणी' एका पातळीवर नव्हते. संगणकापासून अॅम्प्लिफायरपर्यंत आवाजाची तार जोडली, तीच ही नळी झाली. तिच्या वरच्या जाळीतून थोडा थोडा प्रवाह ५० च्या ठेक्यात ये-जा करू लागला, अॅम्प्लिफायरने तो आवाज समजून मोठा केला, आणि दहा कानांत कुंभारीण घुमू लागली. पिन कापली की एका बाजूची वाट तुटते, नळी कोरडी पडते, आवाज थांबतो. गुरुजींचे निदान चुकले नव्हते. औषध तेवढे घातक होते. कारण त्यानंतर अॅम्प्लिफायरमध्ये काही बिघाड झाला असता, तर २३० व्होल्टची वीज जमिनीकडे जाण्यासाठी उरलेली वाट कोणती? तीच आवाजाची बारीक तार, आणि ती सुटलेली असली तर दहा मुलांचे कान.

खरा इलाज अगदी साधा आहे. संगणक आणि अॅम्प्लिफायर एकाच बोर्डावरून, एकाच एक्स्टेन्शनवरून चालवा. मग दोघांची जमीन एकच होते. आम्ही नव्या खोलीतून लांब तार ओढून संगणक तिच्यावर घेतला, आणि प्लगच्या तिन्ही पिना जागच्या जागी असताना कुंभारीण उडून गेली. हे शक्य नसेल तर आवाजाच्या तारेत बसवायचा लहानसा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर मिळतो. तो आवाज पलीकडे जाऊ देतो, पण तारेला तारेशी भिडू देत नाही.

आता आपल्या रत्नागिरीचीच एक गोष्ट सांगतो. ती सांगितल्याखेरीज हा विषय पुरा व्हायचा नाही. जमिनीतून वीज वाहते ती ओलाव्यातून आणि त्यात विरघळलेल्या क्षारांतून. आपला जांभा दगड सच्छिद्र. मृगापासून चार महिने आभाळ फाटल्यासारखा पाऊस पडतो, पण सड्यावरचे पाणी झिरपून, वाहून खाली निघून जाते. फाल्गुन-चैत्रात वरचा कातळ भाकरीच्या तव्यासारखा कोरडा होतो. अशा कातळात पुरलेले अर्थिंग नावाचेच. त्यातून कातळात आठ फुटांचा खड्डा खणणे म्हणजे पहारीचे काम, म्हणून कित्येक ठिकाणी हातभर सळई ठोकून वर सिमेंट फासलेले असते. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते, अर्थिंग आहे.

थोडा हिशोब करू. शिक्षकांनी तो फळ्यावर मांडायलाही हरकत नाही. अर्थिंगचा रोध ५० ओहम असेल, आणि यंत्राच्या पेटीला २३० व्होल्टची तार चिकटली, तर प्रवाह किती वाहील? २३० भागिले ५०, म्हणजे ४.६ अँपिअर. बोर्डावरचा खटका जर १६ अँपिअरचा असेल, तर तो ढिम्म हलणार नाही. पेटी तशीच जिवंत राहील आणि जो हात लावील त्याची वाट पाहील. म्हणून कातळावरच्या घराला आणि शाळेला नुसता खटका पुरत नाही. बोर्डात ३० मिलिअँपिअरचा गळतीरोधक खटका हवा. वायरमन त्याला आरसीसीबी किंवा जुन्या सवयीने ईएलसीबी म्हणतात. गेलेली वीज आणि परतलेली वीज यांत एवढासा जरी फरक पडला, तरी तो डोळ्याचे पाते लवते न लवते तोच वीज तोडतो. त्याच्यावर एक लहान बटण असते, ते महिन्यातून एकदा दाबून पाहायचे. खटका पडला नाही तर तो बदलायचा.

आणि खड्डा? तो कातळाच्या उंचवट्यावर नको. मोरीचे सांडपाणी जिथे मुरते त्याच्या शेजारी, विहिरीच्या बाजूला, पोफळी-माडांच्या शिंपण्याखाली, जिथे जमीन बारमाही ओली राहते तिथे असावा. साधारण ४० मिलिमीटर व्यासाचा, किमान अडीच मीटर लांबीचा जस्ती नळ उभा पुरतात, भोवती कोळसा व मिठाचे थर देतात, आणि वर पाणी ओतायला नरसाळे ठेवतात. नरसाळे शोभेसाठी नसते! होळी झाली की आठवड्याला दोन-चार बादल्या त्यात ओतायच्या. ज्या घरात उन्हाळा चढेल तशी हेडफोनमधली गुणगुण वाढते आणि पावसाळा लागला की आपोआप कमी होते, त्या घराने हे अगदी मनावर घ्यावे. तिथे हेडफोन नुसता घुमत नाही, अर्थिंग कोरडे पडल्याची वर्दी देतो.

आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीला हे निराळ्या कारणाने ठाऊक होते. २३ जुलै १९२७ रोजी मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे केंद्र सुरू झाले, त्या काळात स्वस्तात रेडिओ ऐकायचा तर गॅलिनाच्या खड्याचा संच आणि २००० ओहमचे हेडफोन. अशा खड्याने लहरी ओळखण्याचे एकस्व जगदीशचंद्र बोस यांना अमेरिकेत १९०४ साली मिळाले होते. या संचाला ना बॅटरी, ना वीज. पण उंच एरियल आणि चांगले अर्थिंग नसले तर त्यातून आवाज जेमतेमच यायचा. म्हणून ऐकणारा आधी अर्थिंगच्या खुंटीला तांब्याभर पाणी घाली आणि मग हेडफोन कानाला लावी. आज आपण वीज वापरतो, तरी तो तांब्या सुटलेला नाही.

दोन पिनांच्या चार्जरविषयीही विचारणा होते. लॅपटॉपच्या धातूच्या अंगावरून हलकेच बोट फिरवले तर झिणझिण्या येतात, आणि त्याच वेळी हेडफोनही घुमतो. अशा चार्जरमध्ये इतर यंत्रांना उपद्रव होऊ नये म्हणून एक लहान कपॅसिटर घातलेला असतो. त्यातून अगदी थोडी वीज पलीकडे जाते. मीटर लावला तर तो शंभराच्या आसपास व्होल्ट दाखवून घाबरवतो, पण चांगल्या चार्जरमध्ये प्रवाह पाव मिलिअँपिअरच्याही आत असतो. तेवढ्याने अपाय नाही. पण ही निरुपद्रवी झिणझिण आणि खऱ्या गळतीची सुरुवात यांतला फरक बोटाला कळत नाही, टेस्टरलाही कळत नाही. त्याचा दिवा दोन्ही वेळा पेटतो. सबब कानाला किंवा गालाला झिणझिण जाणवली तर हेडफोन काढावा, बटण बंद करावे आणि वायरमनकडून चार्जर तपासून घ्यावा. ओल्या जमिनीवर अनवाणी बसून, चार्जिंगला लावलेल्या फोनवर हेडफोनने ऐकत राहणे तर कोणीच करू नये.

विजेचा दोष नाही असे ठरले, की आपल्या समुद्राकडे वळायचे. खाऱ्या वाऱ्याने खिडकीचे गज जसे खातात, तसेच हेडफोनच्या प्लगवर आणि त्याच्या खाचेत बारीक गंज धरतो. तेव्हा 'खर्र-चर्र' होते, प्लग फिरवला की थांबते, पुन्हा सुरू होते. औषधाच्या दुकानात आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळते. यंत्र बंद करून त्याचा कापसाचा बोळा प्लगवर फिरवावा, वाळू द्यावा, आणि प्लग दहा वेळा आतबाहेर करावा. पाणी किंवा खोबरेल नको. तार वाकवली की एका कानाचा आवाज जात असेल, तर तार प्लगच्या मुळाशी तुटली आहे. ती कापून नवा प्लग डाग देऊन लावता येतो. फार खर्चाचे काम नाही.

आणखी एक दोष खास आपल्याकडचा. मांडवीच्या काळ्या वाळूत मुलांनी लोहचुंबक फिरवला तर त्याला काळ्या कणांच्या दाढ्या फुटतात. त्या वाळूत इल्मेनाइट आणि मॅग्नेटाइट ही लोहयुक्त खनिजे आहेत. हेडफोनच्या पोटात लोहचुंबक असतोच. किनाऱ्यावर हेडफोन वाळूत पडला की ते कण जाळीतून आत जाऊन पातळ पडद्याशी चिकटतात, आणि तबल्याचा बायाँ वाजला की 'फर्रर्र' होते. डोक्याचा एखादा केस पडद्याला टेकला तरी असेच होते. ओळख सोपी आहे: असा आवाज गाणे थांबले की थांबतो, विजेची गुणगुण मात्र गाणे थांबल्यावरच स्पष्ट ऐकू येते. हेडफोन पालथा धरून हलके टिचकावा, मऊ कुंचल्याने झाडा. सुई आत घालू नका, पडदा कागदाहून पातळ असतो.

मध्यम लहरींवर रेडिओ ऐकणाऱ्यांसाठी दोन शब्द. आकाशवाणीचे रत्नागिरी केंद्र १९७७ साली सुरू झाले. त्याच्या ११४३ किलोहर्ट्झच्या प्रक्षेपणात घरघर येते अशी तक्रार करताना लोक केंद्राला दोष देत. पण पुष्कळदा मूळ असे खांबावर. दिवाळीनंतर विजेच्या खांबांवरच्या चिनी मातीच्या चिमण्यांवर मीठ बसत जाते. कोरड्या मिठाने काही होत नाही. पहाटेचे दव किंवा पहिली भुरभुर त्यावर पडली की त्या ओल्या थरातून बारीक ठिणग्या उडतात आणि आसपासचे रेडिओ करकरू लागतात. मोठी सर आली की मीठ धुऊन जाते, आवाजही जातो. भुरभुरीत घरघर आणि मुसळधारेत शांतता, हे नीट ध्यानात घ्या आणि वीज कार्यालयात तक्रार देताना खांबाचा क्रमांक लिहून तसेच सांगा. खांबाला हात लावून पाहण्याचे काम आपले नव्हे.

मुलांच्या बाबतीत एक गोष्ट मात्र फार जपायची. गुणगुण येऊ लागली की मूल काय करते? आवाज वाढवते. गुणगुण झाकली जाते आणि कानावरचा मारा वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या माणसांसाठी आठवड्याला ४० तास ८० डेसिबलपर्यंतचा आवाज आणि मुलांसाठी तेवढाच वेळ ७५ डेसिबलपर्यंतचा आवाज सुरक्षित धरला आहे. डेसिबलचे माप आपल्याजवळ नसते, म्हणून त्या शाळेत आम्ही सोपा नियम ठेवला: हेडफोन लावलेल्या मुलाला हातभर अंतरावरून नेहमीच्या आवाजात हाक मारायची. ओ आली नाही तर आवाज कमी करायचा.

त्या शाळेच्या मोरीशेजारी पावसाळ्याआधी नवा खड्डा खणून झाला. बोर्डात नवा खटकाही बसला. परवा गुरुजींचा निरोप आला की आता हेडफोनमध्ये काही घुमत नाही, पण खड्ड्याच्या नरसाळ्यात मात्र खरोखरीची कुंभारीण मातीचे घर करू लागली आहे, तेव्हा पाणी कसे ओतावे? मी कळवले, तूर्त नळाच्या बाजूने जमिनीवरच ओता, आणि नरसाळ्यावर जाळी बसवून घ्या.